खूण केलेली शेवंड

१

गुरुवारी दुपारी डार्सी ॲलीच्या पाण्यातल्या पेटीत खूण केलेली शेवंड सापडली आणि संध्याकाळची भरती लागायच्या आत ती बातमी सगळ्या टॅल्बट कोव्हला तोंडपाठ झाली.

या बंदरात शेंबड्या पोराला विचारा, तोही सांगेल. पोटाखाली अंडी चिकटलेली मादी पिंजऱ्यात आली की तिच्या शेपटीच्या उजव्या पाकळीला त्रिकोणी खाच मारायची आणि तिला पाण्यात सोडून द्यायचं. मग ती पुढे कुणाच्याही पिंजऱ्यात येवो, तेव्हा अंडी असोत नसोत, खाच दिसली की परत पाण्यात. जन्मभर. असली शेवंड धक्क्यावर आणणाऱ्याचा परवाना जातो, आणि परवान्याच्या आधी अब्रू जाते.

डार्सीचं तर याहून जास्त जाणार होतं. तीन वर्षांपूर्वी दोर ओढताना तिचा खांदा निखळला. डॉक्टरनं दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. गोळ्या महागल्या तशी सुई आली, सुईपाठोपाठ लोकांच्या घरांची कुलपं फोडणं आलं. चार वर्षांची शिक्षा समोर होती तेव्हा न्यायाधीश इव्हलिन थर्स्टन यांनी तिला विचारलं होतं, "तुरुंग की उपचार?" डार्सीनं उपचार म्हटलं. गावाला वाटलं, सुटली लबाड. पण तो उपचार म्हणजे काही मऊ गादी नव्हे. रोज सकाळी उठून लघवीच्या तपासणीला आपला नंबर लागलाय का ते विचारायचं, औषध वेळेवर घ्यायचं, काम सोडायचं नाही, आणि दर मंगळवारी भरल्या कोर्टात उभं राहून आठवडा कसा गेला ते खरं खरं सांगायचं. आठवडा स्वच्छ गेला तर जजबाईंसकट सगळे टाळ्या वाजवतात. नवा गुन्हा केला तर करार मोडला, आणि ती चार वर्षं जशीच्या तशी भोगायची.

शुक्रवारी सकाळी या सगळ्यातून डार्सी बाहेर पडणार होती. तिच्या देखरेखीचं काम व्हर्ना लुककडे. फोन वाजला तेव्हा व्हर्ना कोर्टाच्या व्हरांड्यात स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होती. या कोर्टातून तरून गेलेला प्रत्येक जण एक बोया, पिंजऱ्याची जागा दाखवणारा तरंगता गोळा, रंगवून त्या भिंतीला टांगतो. डार्सीचा केशरी बोया, वर दोन पांढरे पट्टे, खाली बाकावर तयार ठेवलेला होता.

"व्हर्ना, धक्क्यावर ये," मत्स्यखात्याचा अधिकारी रॉस हॅडलॉक म्हणाला. "तुझ्या लाडकीनं घोळ घातलाय."

व्हर्नानं हातोडी खिशात कोंबली आणि खिळा अर्धवट ठोकलेला तसाच सोडून ती निघाली.

२

डार्सी धक्क्याच्या कडेला दोन्ही हात काखेत दाबून उभी होती. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते.

"बाई, मी नाही ठेवली ती," एवढंच ती म्हणाली.

"तुला विचारलंय का मी? गप उभी राहा," व्हर्ना म्हणाली. तिचं प्रेम असंच बाहेर पडायचं.

हॅडलॉकनं बादलीतली शेवंड उचलून दाखवली. चांगली मापाची मादी, नांग्यांना रबर चढवलेलं, शेपटीच्या उजव्या पाकळीला खाच. खाचेच्या कडा अजून पांढुरक्या होत्या.

"ही तर ताजी आहे," व्हर्ना म्हणाली.

"ताजी काय, शिळी काय, खूण ती खूण. सकाळी निनावी फोन आला. आवाज पुरुषाचा, तोंडावर फडकं धरल्यासारखा. म्हणाला, डार्सीच्या तरंगत्या पेटीत डाव्या कोपऱ्यात बघा. बघितलं, तर ही." हॅडलॉकनं मान खाजवली. "एक मात्र विचित्र बोलला. म्हणाला, पोरीला हातकडी घालू नका, तिचा खांदा दुखरा आहे."

पकडलेल्या शेवंडी जिवंत ठेवायची डार्सीची पेटी रात्रभर धक्क्याजवळ पाण्यातच असते. कुणीही वल्ही मारत यावं आणि झाकण उघडावं. म्हणजे संधी अख्ख्या गावाला होती.

व्हर्नानं तिथूनच जजबाईंना फोन लावला.

"सरकारी वकील मघाशीच येऊन गेले माझ्याकडे," जजबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी कोर्ट बसेल तेव्हा तुमच्या हातात काही असेल तर आणा. नसेल तर माझा नाइलाज आहे. करारावर सही माझीही आहे."

व्हर्नानं फोन ठेवला. मागून कोणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "वाजवा आता टाळ्या!"

वळून न बघताही तिनं आवाज ओळखला. वेड कार्व्हर. पण आधी तिला दुसऱ्या एका घरी जायचं होतं.

३

होलिस ॲली, डार्सीचा मामा. आईमागे त्यानंच तिला वाढवलं, आपलं आडनाव दिलं, होडीवर घेतलं. सत्तरी ओलांडली तरी लहान होडीतून एकटा जातो. या बंदरातल्या निम्म्या लोकांना खाच मारायला त्यानंच शिकवलंय, त्यात व्हर्नाही आली. तिचा बाप तापट होता, म्हणून ती लहानपणी होलिसकाकांच्या होडीवर पळायची.

म्हातारा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता, झिजून बोटाएवढ्या उरलेल्या आपल्या सुरीनं. चुलीवर माशांचं दाट सूप रटरटत होतं. भिंतीवर त्याच्या मुलाचा, टोबीचा फोटो. टोबीही सुईच्या नादी लागला होता. त्याच्या वेळी हे उपचाराचं कोर्ट नव्हतं. त्याला सरळ तुरुंगात टाकलं. वर्षानं सुटला, आणि पंधरवडा उलटायच्या आत धक्क्यामागच्या खोलीत मेलेला सापडला.

"ऐकलं मी," होलिस मान वर न करता म्हणाला. "जेवून जा."

"काका, कोण असेल?"

"मला काय ठाऊक." त्यानं बटाटा पाण्यात टाकला. "पण मग आता काय, अजून सहा महिने ठेवतील ना तिला तुमच्याकडे? तपासण्या, मंगळवार, सगळं चालूच राहील ना?"

"कसले सहा महिने! करार मोडला, काका. चार वर्षं आत जाईल ती."

सुरी त्याच्या हातातून निसटून जमिनीवर पडली. त्याला वाकवेना, म्हणून व्हर्नानंच ती उचलून टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याचं दुसरं लेकरूही चाललं, तिला वाटलं.

"पण गुन्हा नशेचा नाही ना, शेवंडीचा आहे!" तो पुटपुटला.

"गुन्हा तो गुन्हा. असंच लिहिलंय."

सूप तसंच ठेवून ती उठली. दाराशी तिनं मागे पाहिलं. होलिस टोबीच्या फोटोकडे बघत होता आणि बटाटे पाण्यात तसेच पडले होते.

४

वेड कार्व्हर आमिषाच्या शेडमध्ये हेरिंग मासे पिंपात भरत होता. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. गेल्या वसंतात डार्सीचे पिंजरे आपल्या हद्दीत आले म्हणून यानं तिच्या बोयाच्या दांड्याला दोन गाठी मारल्या होत्या. इथे दोन गाठी म्हणजे ताकीद. तरी ऐकलं नाही तर दोर कापतात.

"या, लाडोबांच्या मास्तरीणबाई!" वेड म्हणाला.

"तोंड आवर. बुधवारी रात्री कुठे होतास?"

"बायकोच्या शिव्या खात घरी. विचार तिला, आनंदानं सांगेल." मग त्यानं फावडं टेकवलं. "गाठी मी मारल्या, कबूल. तुझं ते कोर्ट मला आवडत नाही, तेही कबूल. माझा मुलगा कधी वाया गेला नाही, त्याला कोणी टाळ्या वाजवल्या? सुई टोचायची, चोऱ्या करायच्या, वर कौतुक! पण ही शेवंड माझी नाही."

"खाचवाल्या शेवंडी चोरून विकताना तूच पकडला गेला होतास, वेड."

"गेलो होतो. दंड भरला, वर्षभर घरी बसलो." वेडला लाज वाटल्याचं काही दिसलं नाही. "म्हणून तर सांगतो. मला खाचवाली हवी असती तर शोधायला कशाला लागली असती? माझ्या एकेका पिंजऱ्यात जुन्या खाचेच्या दोन-दोन येतात. एक उचलली, टाकली तिच्या पेटीत. काम फत्ते. ताजी खाच मारत बसायला मला काय वेड लागलंय?"

"नाव तर तेच आहे," व्हर्ना म्हणाली, आणि पाय आपटत बाहेर पडली.

शेडच्या बाहेर पाच पावलं गेली असेल नसेल, ती थबकली. वेड काय बोलला ते तिला पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. खरंच की! समुद्रात खाचवाल्या ढिगानं पडल्यात. मग कोणी नवी कशाला बनवली?

५

कॉर्ट डेनेट एका घराच्या छपरावर लाकडी फळ्या ठोकत होता. डार्सीचा जुना मित्र. तिच्याबरोबरच कोर्टात आला होता, पण दुसऱ्याच महिन्यात तपासण्या चुकवून पळाला, पकडला गेला आणि तुरुंगात जाऊन आला. डार्सीचा खांदा दुखरा आहे हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून व्हर्नाचा संशय त्याच्यावर जास्त होता.

"ती टाळ्या घेणार, आणि मी इथे उन्हात खिळे ठोकणार," तो वरूनच म्हणाला. "जळतो मी तिच्यावर, बाई. लपवत नाही."

"खाली ये."

तो शिडीवरून उतरला. वजन निम्मं झालं होतं. व्हर्नानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेवंडीला खाच मारताना तिला कशी धरतात रे?"

"मला काय माहीत? नांगीलाच मारतात ना ती खाच?"

व्हर्ना इतक्या दुःखातही हसली. समुद्रापासून लांब, आतल्या गावचा तो. डार्सीबरोबर दोन वर्षं काढली पण होडीवर कायम ओकत बसायचा. आणि कॉर्टला तिचा घातच करायचा असता तर त्यानं पेटीत गोळ्या टाकल्या असत्या. कोर्टाला काय लागतं ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

ती निघाली तसा तो मागून म्हणाला, "बाई, एकदा पळालेल्याला परत घेतात का हो?"

व्हर्नानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंगळवारी ये. आधी दाढी कर. जजबाईंना मी सांगते, पण बोलायचं तुलाच."

मान डोलावून तो पुन्हा शिडी चढला.

६

शुक्रवारी सकाळी कोर्ट उघडायच्या आत व्हर्ना हॅडलॉकच्या कचेरीत गेली. शेवंड पुरावा म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवली होती.

"उलटी कर तिला," व्हर्ना म्हणाली.

हॅडलॉकनं शेवंड उलटी धरली. पोटाखालचे लहान लहान पाय व्हर्नानं एकेक करून बघितले. अंडी ज्या चिकट रसानं धरून राहतात त्याचा तिथे मागमूस नव्हता.

"अंडी घासून काढली असती तर?"

"तर डिंकासारखं काहीतरी राहतंच," हॅडलॉक म्हणाला. "आम्ही तेच शोधतो. हिला अंडी नव्हतीच."

मग तिनं खाच डोळ्यांजवळ नेली. आजकाल सगळे चिमट्याच्या आकाराचं हत्यार वापरतात, एका दाबात साफ तुकडा पडतो. ही खाच दोन फटक्यांत कापलेली होती. एक कड सरळ, दुसरीला शेवटी बारीकसा दंतुर भाग, सुरी झिजलेली असली की राहतो तसा.

व्हर्ना खुर्चीत बसली. काल रात्रीपासून जे डोक्यात येऊ नये म्हणून ती धडपडत होती ते आता समोर येऊन उभं राहिलं होतं.

"काय झालं?" हॅडलॉकनं विचारलं.

"बादली घे. शेवंड घेऊन कोर्टात चल," ती म्हणाली.

७

कोर्ट गच्च भरलं होतं. उपचारातली सगळी मंडळी पुढच्या बाकांवर, आधी तरून गेलेली त्यांच्या मागे. डार्सी निळा सदरा घालून एकटी उभी होती. कोणीतरी ब्लूबेरीचा मोठा केक करून आणला होता, तो झाकूनच ठेवला होता. अगदी शेवटच्या बाकावर होलिस, चर्चला घालायच्या कोटात. वेड कार्व्हरही दारात टेकून उभा. गंमत बघायला आला असणार.

सरकारी वकील उठणार तोच व्हर्ना म्हणाली, "मॅडम, पाच मिनिटं मला द्या."

जजबाईंनी मान हलवली.

"पेटीतल्या शेवंडीला अंडी नव्हती, आणि कधी आली असतील अशी खूणही नाही. हॅडलॉकसाहेब शपथेवर सांगतील. म्हणजे ही धडधडीत विकता येणारी, कायदेशीर शेवंड होती. डार्सीला ती हवी असती तर तिनं सरळ विकली असती. आपल्याच चांगल्या मालाला खाच मारून तो आपल्याच पेटीत कोण ठेवील? तेव्हा हे काम दुसऱ्याचं."

वकिलांनी हातातली फाइल मिटली.

"आता हा दुसरा कोण? इथे जुन्या खाचेच्या शेवंडी पैशाला पासरी मिळतात. ज्याला लाज नाही तो त्यातली एक उचलील. वेड, तुझ्याबद्दलच बोलतेय, हसू नकोस. पण या माणसानं तसं केलं नाही. रोज त्याच्या हातात खाचवाल्या येत होत्या, आणि रोज तो त्या पाण्यात सोडत होता. दुसऱ्याच्या पेटीत टाकण्यापुरतीसुद्धा एक खाचवाली मादी धक्क्यावर आणायला त्याचा हात धजला नाही. म्हणून त्यानं आपली एक चांगली शेवंड वाया घालवली, तिला सुरीनं खाच मारली, आणि तीसुद्धा जिथे मारायची तिथेच, उजव्या पाकळीला. वाईट काम करताना देखील ज्याला समुद्राचा नियम मोडता आला नाही, असा हा माणूस."

व्हर्नानं शेवंडीच्या बादलीवर हात ठेवला.

"फोन करताना तो म्हणाला, पोरीला हातकडी घालू नका, खांदा दुखरा आहे. वैरी असं बोलत नाही. त्याला तिला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. त्याला वाटलं, शेवंडीचा गुन्हा नशेच्या करारात मोजत नाहीत; फार तर सहा महिने कोर्ट तिला आणखी ठेवून घेईल. त्याला तेवढंच हवं होतं. तिनं आपल्या नजरेखालून जाऊ नये." "मी त्याचं नाव घेणार नाही. मला खाच मारायला ज्यानं शिकवलं, त्यानं ते स्वतः घ्यावं अशी माझी इच्छा आहे."

मागचा बाक करकरला.

"होलिस ॲली," म्हातारा म्हणाला. तो उभा होता. "मीच तो."

डार्सी गर्रकन वळली. "मामा?"

"टोबी तुरुंगात होता तोवर जिवंत होता गं," होलिस म्हणाला. तो जजबाईंशी बोलत नव्हता. "सुटला आणि मेला. तू सुटणार म्हणून सगळे केक भाजत होते, आणि माझी झोप उडाली होती. वाटलं, अजून थोडे दिवस. अजून एक हिवाळा. काल व्हर्ना म्हणाली चार वर्षं, तेव्हाच धावत यायला हवं होतं मी. रात्रभर मनाला समजावत बसलो की जजबाई तसं करणार नाहीत. घाबरट आहे मी, डार्सी."

डार्सीचा चेहरा लाल झाला. "विचारायचंस मला! सरळ विचारायचंस, डार्सी, तू मरणार आहेस का!"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"माहीत नाही म्हटलं असतं!" ती ओरडली. मग आवाज खाली आला. "मामा, टोबीला कोणी काही शिकवलंच नाही रे. कोंडला आणि सोडला. मी रोज उठून स्वतःला धरायला शिकले, दीड वर्ष. या सगळ्यांच्या देखत पडले, उठले. मला चोरून वाचवायची गरज नाही. तू फक्त मंगळवारी माझ्या शेजारी येऊन बस."

"मंगळवारी? तुझं तर संपलं आता."

पुढच्या बाकांवरून कोणीतरी हसलं. डार्सीनं बोट केलं. "ती मागची रांग दिसते? ते सगळे सुटलेलेच आहेत. येतात तरी."

जजबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "ॲली, तुमचं काय करायचं ते हॅडलॉक आणि मत्स्यखातं ठरवील, आणि ते सौम्य नसेल."

"नसावं," होलिस म्हणाला, आणि बसायच्या ऐवजी ताठ उभा राहिला.

"आणि डार्सी ॲली, तुमच्यावर या कोर्टाचं काहीही देणं उरलेलं नाही." जजबाई उठल्या. नियमानं त्यांनी बसून राहायचं असतं. "मी या खुर्चीवरून लोकांना आत पाठवते, ते काम कोणीही करील. मला अभिमान आहे तो असं कोणाला तरून जाताना बघायच्या कामाचा."

टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. सगळं कोर्ट उभं राहिलं. व्हर्नानं दाराकडे पाहिलं. वेड कार्व्हर हात खिशात घालून उभा होता. मग इकडेतिकडे बघून त्यानं खिशातून हात काढले, आणि रागावल्यासारखं तोंड करून का होईना, वाजवायला लागला.

व्हरांड्यातला अर्धवट खिळा व्हर्नानं तीन ठोक्यांत बसवला. बोया डार्सीनं स्वतः टांगला.

८

होलिसचा परवाना पुढे वर्षभरासाठी गेला. त्यानं एका शब्दानंही तक्रार केली नाही.

पण शेवंडीचं काम त्या शुक्रवारी दुपारीच उरकलं. कागद पुरे झाले तसा हॅडलॉक बादली घेऊन धक्क्यावर आला. "हिला आता कोणी विकू शकत नाही," तो म्हणाला. "खोटी का असेना, खाच आहे."

डार्सीनं शेवंडीच्या नांग्यांवरचं रबर काढलं आणि तिला मामाच्या हातात दिलं. होलिसनं ती घेतली. धरायची पद्धत तीच जुनी, पाठीवरून अलगद.

"पुढे कुणाच्याही पिंजऱ्यात सापडली तरी सोडतील ना हिला?" त्यानं विचारलं. सत्तरी उलटलेला माणूस, सगळ्या बंदराचा गुरू, आणि हे विचारत होता.

"सोडतील," डार्सी म्हणाली. "खाच बघून सोडतील. तूच शिकवलंयस सगळ्यांना."

त्यानं वाकून शेवंड पाण्यात सोडली. शेपटीचा एक फटकारा मारून ती खाली गेली.

"आणि उद्या पहाटे माझ्या होडीवर ये," डार्सी म्हणाली. "खलाशी म्हणून. तांडेल मी आहे, ध्यानात ठेव. आमिष तू भरायचं."

"आमिष? मी?" होलिस म्हणाला. "चाळीस वर्षं तांडेल होतो मी!"

"मग काम चांगलं जमेल. आणि ती सुरी घरी ठेव."

व्हर्ना मागे उभी राहून केक खात होती. ब्लूबेरीनं तिची बोटं जांभळी झाली होती, आणि दुसऱ्या हातात ताटली, त्यामुळे डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.